वाचकांचे प्रश्न : जपानमधल्या किशोर-प्रकरणांचे आकडे कसे वाचावेत?

प्रश्न : जपानमधल्या बालगुन्हेगारीवर प्रबंध लिहिते आहे. न्यायालयाचे वार्षिक आकडे पोलिसांच्या आकड्यांशी जुळत नाहीत. खरे कोणते मानावेत?

उत्तर : दोन्ही खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. जपानमध्ये वीस वर्षांखालच्या मुलांची प्रकरणे कौटुंबिक न्यायालयाकडे जातात; ही न्यायालये १९४९पासूनची. गुन्ह्याचा संशय टिकला, तर पोलीस किंवा सरकारी वकील प्रकरण परस्पर मिटवू शकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या वार्षिक न्यायसांख्यिकी अहवालाचे चार खंड असतात. त्यातला चौथा, किशोर-प्रकरणांचा, तुमच्या कामाचा.

पोलिसांचा नेहमी उद्धृत होणारा आकडा १४ ते १९ वयाच्या, दंडसंहितेखालच्या गुन्ह्यांचा असतो. न्यायालयाच्या आकड्यात वाहतुकीची प्रकरणे येतात, विशेष कायद्यांखालची येतात आणि गुन्हा केला नसला तरी त्या वाटेला लागतील अशी मुलेही येतात. शिवाय डिसेंबरात पकडलेला मुलगा न्यायालयाच्या पुढच्या वर्षात मोजला जाऊ शकतो. १४ खालची मुले आधी बालकल्याण यंत्रणेकडे जातात आणि तिने पाठवली तरच न्यायालयात येतात. त्यामुळे न्यायालयाच्या १४ खालच्यांच्या रकान्यावरून लहान मुलांच्या गुन्ह्यांचा अंदाज बांधू नका.

घोळ खरा होतो तो बेरजेत. प्रकरण एका न्यायालयातून दुसऱ्याकडे वर्ग झाले की पहिल्याकडे ते निकाली निघते आणि दुसऱ्याकडे नवे म्हणून नोंदले जाते. वर्ग केलेली आणि एकत्र चालवलेली प्रकरणे वजा केल्याशिवाय टक्केवारी काढूच नये.

प्रश्न : ‘सुनावणी न घेता निकाली’ म्हणजे मूल निर्दोष?

उत्तर : तसे धरू नका. न्यायालयाचा तपास अधिकारी मुलाशी आणि पालकांशी बोलतो, शाळेची माहिती घेतो, समज देतो. तेवढ्याने भागते असे वाटले तर न्यायाधीश सुनावणी लावत नाहीत. सरकारी वकिलाकडे (प्रौढांसारख्या फौजदारी कारवाईसाठी) परत पाठवलेल्यांचा रकानाही असाच फसवा. त्यात गंभीर गुन्ह्यांबरोबर केवळ वयाची वीस वर्षे उलटल्यामुळे परत गेलेलीही असतात. हे दोन गट वेगळे मांडा.

प्रश्न : जुन्या आलेखात १९७०च्या सुमारास एकदम उतार दिसतो. मुले सुधारली का?

उत्तर : त्या वर्षी किरकोळ वाहतूकभंगासाठी दंड भरून मोकळे होण्याची सोय अल्पवयीनांनाही लागू झाली, म्हणून वाहतुकीची प्रकरणे न्यायालयात येणे घटले. आलेख काढताना वाहतूक वेगळी ठेवा आणि एप्रिल २०२२पाशीही खूण करा : तेव्हापासून १८-१९ वयाच्यांना ‘गुन्ह्याकडे कल’ एवढ्याच कारणावरून न्यायालयासमोर आणता येत नाही.