हॅलोविनच्या कार्डावर भुतांचे ठसे मारून मागे नारंगी-जांभळी शाई मिसळली की सगळा चिखल होतो. सांगलीत बसून काय करू?

चिखल होणारच, नारंगी-जांभळं एकमेकांवर घासलं की तपकिरीच निघतं. मध्ये गुलाबी किंवा लाल पट्टा ठेवा, म्हणजे दोघांची थेट गाठ पडत नाही.

आधी भूत, भोपळा काळ्या शाईने छापा आणि पूर्ण वाळू द्या. पिगमेंट म्हणजे रंगकणांची शाई हळू वाळते, त्यात आपल्याकडे ऑक्टोबरात परतीचा पाऊस. मी घाईत एक चेटकीण पुसून बसले होते! मग तोच ठसा चिकट चिठ्ठीवर मारून कापा आणि छापलेल्या भुतावर चिकटवा. आता मागे शाई लावली तरी भूत पांढरंच राहतं.

शाई मेकअपच्या स्पंजने लावा, फिक्या रंगापासून गडदाकडे. स्पंज कागदाबाहेरून गोल फिरवत आत आणा, डाग पडत नाहीत. कागद २५० ते ३०० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप, जास्त म्हणजे जाड), गुळगुळीत पण चकचकीत नको. गणपती पेठेत स्टेशनरीच्या दुकानांत विचारा.

ठसे महाग वाटले तर खोडरबर कोरा. वटवाघूळ सोपं जातं. अक्षरं मात्र उलटी कोरायची, हं. हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, अजून वेळ असेल तर आधी रद्दी कागदावर दोन-तीनदा करून बघा.