पुण्याहून जाऊन इस्रोचे प्रक्षेपण प्रत्यक्ष पाहता येते का? त्यासाठी काय करावे?

होय, पाहता येते. श्रीहरिकोटा येथील सतीश धवन अंतराळ केंद्रात 2019 पासून सर्वसामान्यांसाठी प्रेक्षक दालन खुले असून, त्यासाठी इस्रोच्या संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी करावी लागते. ही नोंदणी विनामूल्य असते, मात्र जागा झपाट्याने भरतात. पुण्याहून रेल्वेने किंवा विमानाने चेन्नई गाठावी आणि तेथून लोकलने सुळ्ळूरपेट या सर्वांत जवळच्या स्थानकावर उतरावे. मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे.

खरी अडचण प्रवासाची नसून तारखेची आहे. चांद्रयान-2 चे 15 जुलै 2019 चे उड्डाण नियोजित वेळेच्या 56 मिनिटे आधी थांबवण्यात आले आणि ते 22 जुलैला झाले, हे लक्षात घेता परतीचे तिकीट त्याच रात्रीचे काढणे मला धाडसाचे वाटते. रजेत दोन-तीन दिवसांची सवड ठेवावी. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात श्रीहरिकोटाच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस असतो, आणि आकाश ढगाळ असल्यास रॉकेट काही क्षणांतच दिसेनासे होते.

ज्वाळा आधी दिसते, गडगडाट मागाहून येतो, कारण ध्वनीला एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. इस्रोच्या सर्वांत शक्तिशाली रॉकेटचे, म्हणजे एलव्हीएम-3 चे उड्डाण मिळाल्यास तेच निवडावे, कारण त्याचे दोन प्रचंड घन इंधन बूस्टर एकाच वेळी पेटतात. पहिल्या वेळी चित्रीकरणाच्या नादी लागू नये (हे कोणी ऐकत नाही, तरीही सांगतो). इस्रोचे थेट प्रसारण नंतर यूट्यूबवर निवांत पाहता येते.