किल्लारीच्या भूकंपात इतकी माणसे कशामुळे गेली?

आपण विचारले आहे की, 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यमच होता, तर मग एवढी मनुष्यहानी का झाली. आणि निलंगा तालुक्यातील आपल्या आजोळचे माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर आज राहण्यासारखे आहे का. मी त्या वेळी लातुरात स्थापत्य पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि पुढे 1996-97 मध्ये औसा तालुक्यात घरदुरुस्तीच्या कामावर होतो, त्यामुळे दोन्ही प्रश्नांवर थोडेफार लिहू शकेन.

जमिनीखाली काय घडले ते आधी सांगतो. भारताचा भूखंड वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकत हिमालयाखाली दाबला जातो आहे. त्या रेट्याचा ताण केवळ हिमालयात न राहता दख्खनच्या पठाराखालील जुन्या भेगांमध्येही साठत जातो. किल्लारीखाली बेसाल्टचा थर काही शे मीटरच आहे. त्याखालच्या प्राचीन खडकातील अशीच एक भेग पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी सरकली. भूकंप सुमारे 6.2 तीव्रतेचा होता, परंतु त्याचा उगम जमिनीपासून जेमतेम दहा किलोमीटरच्या आत असल्यामुळे हादरा मऊ होण्यास वावच मिळाला नाही. जवळच्या तेरणा धरणाच्या पाण्यामुळे हे घडले का, यावर बराच वाद झाला. कोयनेत धरण आणि भूकंप यांचा संबंध जसा सर्वसाधारणपणे मान्य आहे, तसा तो येथे मान्य झालेला नाही.

कोयनेचे नाव निघालेच आहे, तर तीच तुलना आपल्या प्रश्नाला अधिक उपयोगी पडेल. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप किल्लारीइतकाच किंवा किंचित मोठा होता आणि तोही पहाटे चारच्या सुमारास, लोक झोपेत असतानाच झाला. तेथे मृतांची संख्या दोनशेच्या आसपास राहिली. किल्लारी परिसरात सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे गेली. गावोगाव मात्र दहा हजार हाच आकडा सांगितला जातो. कोयनेच्या डोंगराळ भागात वस्ती विरळ होती आणि पावसाच्या माऱ्यामुळे घरांवर हलकी, उतरती छपरे होती. आमच्याकडे तेरणेच्या काठची काळी, कसदार जमीन, म्हणून दाट वस्तीची मोठी गावे, आणि त्या गावांत माळवदाची घरे.

माणसे भूकंपाने नव्हे, माळवदाने मारली, असे आमच्याकडे सरसकट म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. माळवद म्हणजे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर सरे (आडवे लहान वासे), सऱ्यांवर फळ्या किंवा किलचे (लाकडाचे पातळ तुकडे) आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात अशा घरात दुपारी अंग टेकले की बाहेरच्या उन्हाची आठवणही राहत नाही. त्यामुळे ती घरे बांधणाऱ्यांना अडाणी म्हणणाऱ्यांशी मी कधी सहमत झालो नाही. गोम अशी की, दरवर्षी पावसाळ्याआधी गळती थांबवण्यासाठी छतावर नवी माती पसरली जाई आणि जुनी कोणी काढत नसे. बापाने टाकली, आजोबाने टाकली, आणि तीन पिढ्यांत दोन-अडीच फुटांचा थर साचला. तरीही ज्या घरांतील लाकडी सांगाड्याचे सांधे मजबूत होते, तेथे भिंती ढासळूनही छत खांबांवर तोलून राहिल्याची उदाहरणे आहेत. खरा घात केला तो भिंतींनी.

ही भिंत मी स्वतः उघडून पाहिली आहे. दुरुस्तीच्या कामात भिंतीला आरपार भोक पाडून त्यात दोन्ही बाजूंना जोडणारा लांब दगड किंवा सळई घातलेले काँक्रीट बसवायचे असे. एका घराची भिंत बाहेरून अडीच फूट रुंद, दर्शनी दगड सुबक घडवलेले, आणि मालकाला तिचा सार्थ अभिमान. गवंड्याने पहिला दगड काढला, हात आत घातला, आणि मूठभर चिपा व भुसभुशीत माती बाहेर ओढली. मग ती माती आपोआपच वाहू लागली, पोत्याची शिवण उसवावी तशी. ती भिंत अडीच फुटांची एक भिंत नव्हतीच. आतली एक पातळ भिंत, बाहेरची एक पातळ भिंत आणि मध्ये कोंबलेला भराव, असे तिचे स्वरूप होते. दोन्ही पदरांना बांधणारा एकही जोडदगड तिच्यात नव्हता. असे बांधकाम आडवे हलवले गेले की आतला भराव खाली दबतो आणि दोन्ही पदरांना दोन दिशांना ढकलतो. आतला पदर झोपलेल्या माणसांवर येतो आणि बाहेरचा गल्लीत, जेणेकरून पळणाऱ्यालाही वाट उरत नाही.

वेळही तशीच वाईट होती. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन आटोपून उशिरा परतलेली माणसे, गाढ झोप. आदल्या वर्षी, म्हणजे 1992 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, किल्लारीला शंभराहून अधिक लहान धक्के बसले होते आणि लोक काही काळ अंगणात, शेतात झोपत होते. पुढे धक्के थांबले आणि थंडी-पावसात बाहेर किती दिवस झोपणार, म्हणून माणसे घरात परतली. यात त्यांची चूक काय? लहान धक्क्यांची मालिका ही मोठ्या भूकंपाची नांदी आहे की नुसतीच मालिका, हे आजही आधी सांगता येत नाही. शिवाय देशाच्या तत्कालीन भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. भूकंपासाठी घर वेगळे बांधावे, असे पदविकेच्या वर्गात आम्हालाही कोणी सांगितलेले मला आठवत नाही. 2002 मध्ये नकाशा सुधारला, पहिले क्षेत्र रद्द झाले आणि किल्लारी परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला.

त्यानंतरचे दिवस मी फार लिहिणार नाही. पाऊस लागून राहिला होता, आणि कोसळलेल्या घरांच्याच तुळया व सरे चितांना वापरले गेले.

लोकांवर झालेला परिणाम मात्र त्या दिवसांपुरता नव्हता. 52 गावे संपूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. घराचा आकार जमीनधारणेवर ठरला: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, त्यावर सात हेक्टरपर्यंत 400 आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला 750. म्हणजे जुन्या गावातील उतरंड नव्या गावात फुटपट्टीने आखली गेली. रुंद, सरळ रस्ते आणि ओळीत घरे. नकाशावर ते शोभून दिसते. पण जुन्या गल्लीत दारातून हाक मारली की चार घरांतून ओ येत असे, ते येथे राहिले नाही, असे बायका आजही सांगतात. शेत लांब पडले, गोठ्याला आणि कडब्याला जागा नाही, आणि काँक्रीटच्या खोल्या उन्हाळ्यात तापतात. पहिली कित्येक वर्षे लोक घराशेजारी पत्र्याचे शेड घालून त्यातच झोपत. घर पक्के आहे हे पटले, तरी डोक्यावर जड छत नको, ही भावना जात नव्हती. दगडावरचा विश्वासच उडाला होता. जी सुमारे दोन लाख घरे जागच्या जागी दुरुस्त करायची होती, त्यांतही अनेकांनी जुनी भिंत मजबूत करण्याऐवजी त्याच अनुदानात विटा-सिमेंटची एक खोली उभारली. आम्ही तांत्रिक सल्ला देत राहिलो आणि लोक मान डोलवून खोलीच बांधत राहिले. भीतीपुढे आमचे अंदाजपत्रक चालले नाही.

आता आपल्या आजोळच्या घराबद्दल. न पाहता ते सुरक्षित आहे किंवा नाही, असे मी म्हणणार नाही, पण तीन गोष्टी आपणच तपासू शकता. माळवदावर जाऊन एक टोकदार सळई मातीत खुपसा आणि थर किती जाड आहे ते मोजा. एका वितेपेक्षा जास्त असेल, तर वरची माती उपसून काढा आणि उरलेल्या थरात प्लॅस्टिकचा जाड कागद घाला, म्हणजे गळतीसाठी पुन्हा माती चढवावी लागणार नाही. खांब आणि तुळई जेथे मिळतात, तेथे तिरप्या टेकूसारखी लाकडी किंवा लोखंडी कैची ठोकून घ्या. तिसरी गोष्ट भिंतीची: तिला कोठे पोट आले आहे का, ते ओळंबा लावून पाहा. पोट आले असेल, तर दोन पदर आधीच सुटू लागले आहेत असे समजून त्या भिंतीलगत कोणाचेही अंथरूण पडू देऊ नका, आणि जोडदगड बसवण्यासाठी अनुभवी गवंडी व अभियंता दोघांनाही बोलवा. माती उपसण्याचे काम मात्र मृगाच्या आधी उरका.