वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीत हीटर

प्रश्न : एमजी मिजेट या जुन्या ब्रिटिश दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये मारुतीचं १.३ लिटर इंजिन बसवलंय. थंडीत पहाटे मेढा-केळघरमार्गे महाबळेश्वरला जाताना काच धुकटते. हीटर बसेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : बसेल. छोट्या हॅचबॅकचं जुनं हीटर युनिट चालतं, पण त्याचा कोअर (गरम पाणी फिरणारी छोटी जाळी) आधी पाण्यात बुडवून हवेच्या दाबानं तपासा. नंतर गळला तर डॅशबोर्ड पुन्हा उघडणं आलं. गरम पाणी थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) आधी, इंजिनच्या हेडजवळून घ्या. थर्मोस्टॅटनंतर घेतलं तर इंजिन तापेपर्यंत गारच हवा येईल. परतीचा पाइप वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला. होज साधारण १६ मिमीचा, हीटरसाठीचाच. साधी नळी उष्णतेनं मऊ पडून फुटते. हीटर बंद केल्यावरही पाणी फिरतं राहावं म्हणून चार तोंडांचा बायपास व्हॉल्व्ह लावा. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकांना रबरी ग्रोमेट (कड्या) हवेतच. ब्लोअरला (हीटरच्या पंख्याला) रिले (जास्त करंट हाताळणारा स्विच), १५ अँपिअरचा फ्यूज, २.५ चौरस मिमी वायर.

खरी डोकेदुखी पाण्याच्या मार्गात अडकलेल्या हवेची. मिजेटचं नाक बसकं, त्यामुळे कोअर रेडिएटरच्या वर जातो. इंजिन गार असताना पुढची चाकं चढावर ठेवून, हीटर पूर्ण उघडून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) भरा. तापमानाची सुई वर आणि हीटरचा झोत गार असेल, तर पाइपांतली हवा अजून आतच आहे.