वाचकांचे प्रश्न : ट्रकच्या हबमधील चाकाचे स्टड

प्रश्न : माझ्या जुन्या ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलवर एका हबचा (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा) एक स्टड (नट लावून चाक धरून ठेवणारा आटेदार दांडा) तुटला आहे. आटे जुळणारे दोन स्टड मिळाले, पण एक हबच्या भोकात सैल बसतो आणि दुसरा अर्ध्यावरच अडतो. योग्य स्टड कसा ओळखावा? हब न उतरवता, नट आवळून तो आत ओढून घेतला तर चालेल का?

उत्तर : केवळ आटे जुळले म्हणून स्टड जुळला, असे समजू नये. दाबून बसवायच्या स्टडला डोक्याजवळ दातेरी पट्टा असतो आणि हबच्या भोकात स्टड फिरू न देण्याचे काम तोच करतो. त्यामुळे सर्वांत आधी मोजायचा तो या पट्ट्याचा व्यास. एम २२ × १.५ (२२ मिमी व्यास, लगतच्या आट्यांत १.५ मिमी अंतर) हे आट्यांचे माप अवजड वाहनांत सर्रास आढळते, पण तेच आटे असलेल्या निरनिराळ्या स्टडच्या दातेरी पट्ट्याचा व्यास आणि लांबी वेगवेगळी असू शकते. तुमची अडचण बहुधा येथेच आहे. मापे तुटलेल्या स्टडवरून न घेता त्याच हबमधून काढलेल्या धड स्टडवरून व्हर्नियरने (बारीक मापे घेण्याच्या साधनाने) घ्यावीत. डोक्याखालची एकूण लांबी, आट्यांची लांबी आणि डोक्याचा आकारही पाहावा, कारण काही स्टडच्या डोक्याची एक बाजू हबच्या कडेला टेकावी म्हणून सपाट केलेली असते. ब्रेकचा ड्रम हबच्या बाहेरच्या बाजूने बसतो की आतल्या, आणि चाक पोलादाचे आहे की अ‍ॅल्युमिनियमचे, यावरही लांबी ठरते. जुन्या वाहनांत डाव्या बाजूच्या स्टडला उलटे आटे असू शकतात. टोकावर एल किंवा आर हे अक्षर आहे का, ते पाहावे. हबवरील पार्ट नंबर वाचता येत असेल, तर तोच सर्वांत भरवशाचा आधार.

नट आवळून स्टड ओढून घेऊ नये, विशेषतः इम्पॅक्ट गनने (ठोके देत नट फिरवणाऱ्या यंत्राने) तर मुळीच नाही. दातेरी पट्टा भोकात शिरताना होणारा सगळा विरोध अशा वेळी आट्यांवर येतो. आटे ताणले जातात, आणि स्टड वरून चांगला दिसला तरी पुढे रस्त्यावर तुटू शकतो. हब उतरवून, त्या भोकाभोवती भक्कम आधार देऊन, हायड्रॉलिक प्रेसने स्टड सरळ दाबावा आणि डोके सर्व बाजूंनी हबला टेकल्याची खात्री करावी. हब वाहनावर असताना घणाचे घाव घातल्यास ते बेअरिंगपर्यंत पोहोचतात. योग्य मापाचा नवा स्टडही भोकात फिरत असेल, तर भोक झिजलेले आहे आणि हबच बदलावा लागेल. स्टडला वेल्डिंगचा टाका मारून भागवणे धोक्याचे आहे, कारण स्टडचे पोलाद उष्णता-प्रक्रियेने मजबूत केलेले असते आणि वेल्डिंगच्या तापाने ती ताकद जाते.

एक स्टड तुटला असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंचे स्टडही बदलावेत, कारण तुटलेल्याचा भार त्यांनी वाहिलेला असतो. दोन किंवा अधिक तुटले असतील, तर त्या चाकाचे सगळेच बदलणे योग्य.

चाक बसवण्यापूर्वी टेकणाऱ्या पृष्ठभागांवरचा गंज आणि जाड रंग खरवडून काढावा. रंगाचा थर दबला की नट सैल होतात. नट समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आणि शेवटी टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजणाऱ्या पान्याने) आवळावेत. आट्यांना तेल लावावे की ते कोरडे ठेवावेत, हे नटाच्या प्रकारावर अवलंबून असते. त्यासाठी आणि टॉर्कच्या आकड्यासाठी वाहनाची पुस्तिकाच पाहावी. साधारण ८० ते १६० किलोमीटर धावल्यावर टॉर्क पुन्हा तपासावा.