डिफेंडरचा पूर्ण हंगाम बघायचा तर नजर बॉलवर नको

तुझा प्रश्न थोडक्यात असा: या हंगामात लिव्हरपूलच्या व्हर्जिल व्हॅन डाइकची प्रत्येक मॅच बघायची आणि त्याचा खेळ कसा होत गेला ते वहीत लिहून ठेवायचं, असं तू ठरवलंयस. पण त्याचे गोल मोजके, असिस्ट (गोलसाठी दिलेला शेवटचा पास) मोजके, आणि अ‍ॅपवरचं रेटिंग एका मॅचला साडेसात तर पुढच्या मॅचला सहा. मग डिफेंडर चांगला खेळला की वाईट, हे ठरवायचं कशावर? आणि सुरुवात सेंटर बॅकपासून (व्हॅन डाइकसारखा मधोमध उभा राहणारा) करावी की फुल बॅकपासून (कडेला खेळणारा)?

भावा, टीव्हीची अडचण आधी समजून घे. कॅमेरा बॉलच्या मागं धावतो. लिव्हरपूलकडं बॉल असतो तेव्हा व्हॅन डाइक बराच वेळ चौकटीच्या बाहेर असतो आणि नेमका त्याच वेळी त्याचं निम्मं काम चाललेलं असतं. समोरचा स्ट्रायकर कुठं उभाय, बॉल सुटला तर तो कुठल्या बाजूला पळेल, आपला फुल बॅक वर गेलाय तर त्याच्या मागची जागा कोण भरणार, हे सगळं तो त्या वेळी ठरवतो. टीव्हीवर आपल्याला फक्त शेवटचे दोन सेकंद दिसतात, आणि आपण म्हणतो, "आज काही विशेष केलं नाही त्यानं."

म्हणून तुला पहिला सल्ला हा, की वहीची सुरुवात आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमपासून कर. आपला हंगाम थंडीत सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो, म्हणजे प्रीमियर लीगचा मोठा भाग त्याच्याशी जुळतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, कुठलीही मॅच असू दे. ज्या टीममध्ये तुझा जीव नाही अशी मॅच निवडलीस तर आणखी चांगलं, कारण आपल्या पेठेची टीम खेळत असली की डोळे बॉलवरून हटतच नाहीत. शक्य असेल तर गोलपोस्टच्या मागच्या बाजूला बस. बाजूच्या गॅलरीतून बॉल किती पुढं गेला ते दिसतं, गोलमागून बचावातल्या चौघांची लाईन दिसते आणि त्यांच्यात पडलेली भगदाडं दिसतात. मग एकच स्टॉपर, म्हणजे सेंटर बॅक, निवड आणि दहा मिनिटं फक्त त्याच्याकडं बघ. बॉल कुठंही जाऊ दे, गॅलरी उठून नाचू दे, तू त्याच्यावरच नजर ठेव. सुरुवातीला हे फार जड जातं.

मी एका हंगामात असाच एक स्टॉपर धरला होता. नाव देत नाही, तो आपल्यासारखाच नोकरी सांभाळून खेळणारा पोरगा आहे. उंची बेताची, वेग साधारण. गॅलरीला तो फारसा आवडायचा नाही, कारण आपल्याकडं डिफेंडरकडून एकच अपेक्षा असते: "काढ, काढ! उडव!" बॉल उंच उडून मैदानाबाहेर गेला की टाळ्या पडतात. हा गडी मात्र बॉल पायात घ्यायचा, मान वर करायचा आणि सरळ मिडफिल्डला द्यायचा. एखादा पास चुकला की शिव्या ठरलेल्या. पण मी त्याचे हात बघत राहिलो. प्रतिस्पर्ध्यांकडं बॉल गेला रे गेला की त्याचा हात वर. लेफ्ट बॅकला आत बोलाव, समोरच्या मिडफिल्डरला उजवीकडं सरकव, असं अखंड चालू. एका मॅचमध्ये तगडा परदेशी स्ट्रायकर समोर असूनही त्यानं पूर्ण उत्तरार्धात एकही स्लायडिंग टॅकल केला नाही. करायची वेळच आली नाही, कारण स्ट्रायकरला बॉल मिळत होता तो प्रत्येक वेळी गोलकडं पाठ करून. मॅच एक-शून्यनं जिंकली. दुसऱ्या दिवशी बातमीत गोल करणाऱ्याचं नाव आणि फोटो. याचं नाव नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की स्ट्रायकरला कुठला पर्याय घ्यायला लावला यावर डिफेंडरला मोजावं. टॅकल (पाय घालून बॉल काढणं), क्लिअरन्स (बॉल लांब उडवून धोका टाळणं), हेडर हे त्यानंतर येतं.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण तुझ्याच माणसाचं आहे. ३१ मार्च २०१९, लिव्हरपूलचं घरचं मैदान अ‍ॅनफिल्ड, समोर टॉटनहॅम, स्कोअर १-१, शेवटची पाच-सहा मिनिटं उरलेली. टॉटनहॅमचा मुसा सिसोको बॉल घेऊन सुटला, सोबत सोन ह्युंग-मिन, आणि दोघांसमोर एकटा व्हॅन डाइक. अशा वेळी बहुतेक डिफेंडर बॉलवर धावतात. धावला असता तर पास सोनकडं गेला असता, आणि सोन तिथून सहसा चुकत नाही. व्हॅन डाइक धावला नाही. तो मागं मागं सरकत राहिला आणि दोघांच्या मधल्या रेषेत राहून पासची वाट बंद केली. सिसोको स्वतःच मारणार हे नक्की झाल्यावरच तो त्याच्या अंगावर गेला, तेही अशा कोनातून, की त्याला डाव्या पायानं मारावं लागलं. सिसोको उजव्या पायाचा. बॉल बारच्या वरून गेला. नव्वदाव्या मिनिटाला टॉटनहॅमच्या आल्डरविरेल्डचा स्वयंगोल झाला आणि लिव्हरपूल २-१ नं जिंकलं. हा प्रसंग तू शोधून बघ, आणि प्रत्येक वेळी फक्त व्हॅन डाइकचे पाय बघ. आकडेवारीत त्या क्षणाला ना टॅकल आहे, ना इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मध्येच अडवणं). सिसोकोच्या नावावर एक चुकलेला शॉट, बस्स. मी आजवर बघितलेलं बचावाचं हे सगळ्यात सुंदर काम आहे.

आता रेटिंगचं. अ‍ॅपवरचे आकडे घडलेल्या गोष्टींवरून निघतात: किती टॅकल, किती हेडर जिंकले, किती पास बरोबर. जी गोष्ट डिफेंडरनं घडूच दिली नाही, ती मोजायची कशी? म्हणून तळाच्या टीमचा डिफेंडर, ज्याच्यावर नव्वद मिनिटं मारा चालू असतो, त्याचे क्लिअरन्स नेहमी भरपूर दिसतात. २०१८-१९ च्या प्रीमियर लीग हंगामात एकही खेळाडू व्हॅन डाइकला ड्रिबल करून, म्हणजे बॉल पायात ठेवून चकवून, पुढं गेला नाही, हा आकडा तू ऐकला असशील. मार्च २०१८ पासून चाललेली ही मालिका २४ ऑगस्ट २०१९ ला आर्सेनलच्या निकोला पेपेनं तोडली. आकडा खरा आहे आणि मोठा आहे. पण ड्रिबलचा प्रयत्न झाला तरच तो मोजला जातो. कितीतरी फॉरवर्ड त्याच्यासमोर आले की बॉल मागं द्यायचे किंवा दुसऱ्या बाजूला वळायचे. त्याची खरी कमाई मला तिथं दिसते, आणि ती कुठल्याच तक्त्यात सापडत नाही. तुझ्या वहीत मात्र तिला जागा असू दे: "अमुक मिनिटाला विंगर समोर आला, थांबला, मागं दिला."

त्याच हंगामाबद्दल आणखी थोडं, कारण पूर्ण हंगाम कसा वाचावा हे त्यातून कळतं. २०१७-१८ मध्ये लिव्हरपूलनं लीगमध्ये ३८ गोल खाल्ले होते, २०१८-१९ मध्ये २२. व्हॅन डाइक साउदॅम्प्टनहून जानेवारी २०१८ मध्ये आला होता आणि २०१८-१९ च्या लीगमधल्या सगळ्या ३८ मॅच तो खेळला. लगेच सगळं श्रेय त्याला देऊन टाकू नकोस. २०१८ च्या उन्हाळ्यात गोलमध्ये अ‍ॅलिसन आला, मिडफिल्डमध्ये फाबिन्यो आला. शेजारचा जोडीदार तर बदलतच राहिला: आधी जो गोमेझ, डिसेंबरमध्ये त्याचा पाय मोडल्यावर लोव्हरेन, मग माटिप. मला हा बदलता जोडीदार फार महत्त्वाचा वाटतो. गोमेझ वेगवान, त्यामुळं बचावाची लाईन वर ठेवता यायची. माटिप बॉल घेऊन पुढं निघायचा, मग मागची जागा याला झाकावी लागायची. प्रत्येकासोबत व्हॅन डाइक थोडा वेगळा खेळायचा. मॅचची तारीख लिहितोस तिथंच शेजारी कोण होता तेही लिही. महिन्या-दोन महिन्यांनी पानं उलटलीस की फरक आपोआप दिसेल.

चॅम्पियन्स लीगमधल्या बायर्न म्युनिकविरुद्धच्या दोन मॅच एकत्र बघण्यासारख्या आहेत. फेब्रुवारी २०१९, अ‍ॅनफिल्डवरची पहिली मॅच, व्हॅन डाइक सस्पेंड. तरीही ०-०. म्हणजे त्याच्याशिवाय टीम कोसळत नव्हती, हे प्रामाणिकपणे मान्य करायला पाहिजे. १३ मार्चला म्युनिकमध्ये तो परतला. सादिओ मानेच्या पहिल्या गोलचा लांब पास त्याचा, आणि मिल्नरच्या कॉर्नरवर दुसरा गोल त्याच्या डोक्यानं. ३-१. त्याच्या असण्यानं बचावापेक्षा हल्ल्यात जास्त फरक पडला, अशी ही मॅच. डिफेंडरचे लांब पास लिहायला विसरू नकोस. कुठून कुठं, आणि घेणाऱ्याला पाऊल न अडखळता मिळाला का, एवढं पुरे.

एका मॅचवरून निकाल मात्र देऊ नकोस. ४ ऑक्टोबर २०२० ला अ‍ॅस्टन व्हिलानं लिव्हरपूलला ७-२ नं धुतलं. व्हॅन डाइक त्या दिवशी मैदानातच होता. त्या रात्री लोक त्याला संपवून मोकळे झाले होते. तेरा दिवसांनी एव्हर्टनविरुद्ध पिकफर्डच्या धडकेत त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला. मग माटिप आणि गोमेझही जखमी झाले, मिडफिल्डचे हेंडरसन आणि फाबिन्यो मागं खेळले, आणि २०२१ च्या सुरुवातीला घरच्या मैदानावर लीगमधल्या सलग सहा मॅच लिव्हरपूल हरलं. क्लबच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. ही पडझड एकट्या त्याच्या नसण्यामुळं नाही, पण मागून बॉल पुढं जाणं किती मंदावलं होतं ते त्या मॅच बघताना डोळ्यांना टोचायचं. तुझा माणूस जखमी झाला किंवा बसवला तर वही बंद करू नकोस. त्या मॅच आणखी बारकाईनं बघ.

गोल खाल्ला की काय लिहायचं, हे बहुतेकांना जमत नाही. रिप्लेमध्ये जो शेवटी चुकतो तोच दोषी दिसतो. तू रिप्ले आणखी मागं ने, दहा-बारा सेकंद. बॉल कुठं गमावला, पहिला माणूस कोणाचा सुटला, लाईनमधून एकटाच पुढं कोण आला. आमच्या त्या पोराच्या टीमनं एका मॅचला दोन गोल खाल्ले, सगळी गॅलरी गोलकीपरला बोलत होती. दोन्ही वेळा राइट बॅक परत आलेलाच नव्हता आणि स्टॉपरला त्याची जागा झाकायला कडेला जावं लागलं होतं. मध्ये मोकळं रान.

एक गोष्ट मनापासून सलते म्हणून लिहितो. डिफेंडरचं नाव आपल्या लक्षात राहतं ते त्यानं गोल केला तरच. आपल्या मुंबईचा राहुल भेके घे. २०१९ च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनलमध्ये बंगळुरूसाठी जादा वेळेत त्याचा हेडर, एप्रिल २०२२ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध मुंबई सिटीसाठी विजयी हेडर. हे दोन सगळ्यांना पाठ. मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून मुंबई सिटीनं आयएसएल जिंकली तेव्हा तो कॅप्टन होता, पण त्या हंगामात तो मागं कसा उभा राहिला यावर कोण बोललं? कोल्हापुरातही अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालील वर्ल्ड कप खेळला याचा आपल्याला रास्त अभिमान आहे, तो फॉरवर्ड. पेठेपेठेत पोरांना फॉरवर्डच व्हायचंय. कोणीतरी डिफेंडरचा पूर्ण हंगाम लिहून काढतोय हे वाचून म्हणूनच मला इतका आनंद झाला. आणि उंचीवर जाणाऱ्यांना कान्नावारो दाखव. जेमतेम पावणेसहा फुटांचा सेंटर बॅक, २००६ चा बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्याचा. २०१९ मध्ये व्हॅन डाइकचा तोच मान मेस्सीसमोर फक्त सात गुणांनी हुकला, ६८६ विरुद्ध ६७९.

वेळेचं म्हणशील तर सगळ्या मॅच लाईव्ह बघायचा हट्ट नको. शनिवारी-रविवारी संध्याकाळी आणि रात्री आठ-साडेआठच्या बघ. मध्यरात्रीनंतरच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण बघ, हायलाइट्स नको. हायलाइट्समध्ये सेंटर बॅक फक्त दोनदा दिसतो, गोल खाताना आणि कॉर्नरला.

फुल बॅकबद्दल. सेंटर बॅकच धर. आजचा फुल बॅक निम्मा विंगर झालाय. २०१८-१९ मध्ये ट्रेंट अलेक्झांडर-अर्नॉल्डचे लीगमध्ये १२ असिस्ट, रॉबर्टसनचे ११. त्यांना बघायला लागलास की डोळे पुन्हा असिस्ट मोजायला लागतील आणि पाठीमागची मोकळी जागा नजरेतून सुटेल. आधी ती जागा झाकणारा माणूस बघ. पुढच्या हंगामात फुल बॅक घे, तेव्हा तो वर गेल्यावर मागं काय होतं हे तुला आधीच माहीत असेल.