ईडिपसच्या नशिबात सगळं आधीच लिहिलेलं होतं, तर त्याची चूक काय? ग्रीक नायक गर्वामुळेच बुडतो का?

तुम्ही विचारलंय की नियती आणि गर्व या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात. शंका रास्त आहे. नशिबानेच सगळं घडलं असेल तर गर्वाला बोल लावून उपयोग नाही, आणि गर्वाने घडलं असेल तर डेल्फीच्या देवळातली, अपोलो देवाची भविष्यवाणी हवी कशाला? परीक्षेच्या नोट्स 'दोन्ही कारणीभूत' असं लिहून मोकळ्या होतात. माझ्या मते ग्रीक नाटककार सोफोक्लीजच्या 'ईडिपस राजा' नाटकातल्या ईडिपसपुरता तरी गर्व सरळ बाजूला ठेवावा.

कारण आहे घटनांचा क्रम. नाटक सुरू होतं तेव्हा ईडिपस थीब्झ शहराचा राजा आहे, नकळत बापाचा खून आणि आईशी लग्न होऊन वर्षं लोटली आहेत, चार मुलं झाली आहेत. ईडिपसचा जो ताठा आपण पाहतो, म्हणजे आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस याच्यावर कटाचा आरोप करणं किंवा मेहुण्या क्रिऑनच्या जिवावर उठणं, तो सगळा नंतरचा. आधी घडून गेलेल्या गोष्टीचं कारण नंतरच्या ताठ्यात कसं सापडेल? ॲरिस्टॉटलनेही नोंदवलंय की ईडिपसचं मूळ कृत्य नाटकाच्या बाहेर पडतं.

मग तिठ्यावरचं भांडण, ज्यात बाप मारला गेला? तिथे काय झालं ते नेमकं बघा. ईडिपस करिंथच्या राजाराणीकडे, त्यांनाच आईबाप समजून वाढला. तिथे एका दारुड्याने त्याला 'तू तुझ्या बापाचा नाहीस' असं हिणवलं. तो डेल्फीला विचारायला गेला. अपोलोने त्या प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही. 'तू बापाला मारशील, आईशी संग करशील' एवढंच सांगितलं. म्हणून त्याने करिंथ कायमचं सोडलं. वाटेत तीन रस्ते मिळतात तिथे समोरून रथ आला, रथातल्या लोकांनी त्याला जबरदस्तीने बाजूला काढायला सुरुवात केली. त्याने गाडीवानाला मारलं, तेव्हा रथातल्या म्हाताऱ्याने (तोच ईडिपसचा खरा बाप, थीब्झचा राजा लेयस) त्याच्या डोक्यात दुटोकी पराणी हाणली. मग ईडिपसने सगळ्यांना कापलं. सगळ्यांना, असं त्याला वाटलं. एक नोकर निसटला आणि पुढे तोच साक्षीदार ठरतो. रागीटपणा म्हणा हवं तर. पण सोफोक्लीजच्याच 'ईडिपस ॲट कोलोनस' या नाटकात म्हातारा ईडिपस स्वतःची बाजू मांडतो: मला माहीत नव्हतं, आणि मी मारलं नसतं तर त्यांनी मला मारलं असतं.

चतुर वाचक इथे अडवतात: बापाला मारशील असं ऐकलेल्या माणसाने कुठल्याच म्हाताऱ्यावर हात उचलू नये! तर्क बिनतोड आहे, पण नाटकात एकही पात्र हा मुद्दा काढत नाही. जे नाटककाराने विचारलंच नाही, त्याच्या उत्तरावर सगळी इमारत उभी करू नये.

आता 'हमार्तिया', म्हणजे शोकांतिकेत नायकाचा घात करणारी चूक. हा शब्द ज्या क्रियापदापासून आला त्याचा अर्थ आहे नेम चुकणं: भाला फेकला, लागला नाही. 'काव्यशास्त्रा'च्या तेराव्या प्रकरणात ॲरिस्टॉटल सांगतो की नायक फार सद्गुणी नको आणि दुष्टही नको. तो दुष्टपणामुळे नव्हे, हमार्तियामुळे पडावा. उदाहरणादाखल नाव घेतो ईडिपसचं. याचा सरळ अर्थ लागतो तो असा: समोरचा माणूस कोण आहे हे न कळल्यामुळे झालेली चूक. पुढे बायबलच्या नव्या कराराच्या ग्रीकमध्ये हाच शब्द 'पाप' या अर्थाने आला, आणि नंतरच्या टीकाकारांनी 'स्वभावातला दोष' असं त्याचं रूप रूढ केलं. आपण मराठीत 'नायकाचा स्वभावदोष' शिकतो तो या वळणाने आलेला. शिवाय हे लक्षात घ्या की ॲरिस्टॉटल या नाटकानंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहितोय. सोफोक्लीजने त्याचे नियम वाचून नाटक लिहिलेलं नाही.

नियतीसाठी ग्रीकांचा शब्द 'मोइरा', म्हणजे वाटा. मराठी वाचकाला हे समजायला अडचण पडू नये. आपलं 'भाग्य'ही 'भागा'तूनच आलंय आणि दुःख आपल्याही 'वाट्याला' येतं. फसगत पुढे होते. आपण नकळत प्रारब्ध आणि मागच्या जन्मीचं कर्म आणून हिशेब पुरा करतो. सोफोक्लीज हिशेब देतच नाही. याच कथेवर दुसरा ग्रीक नाटककार इस्किलस याने इ.स.पू. 467 मध्ये नाटकं केली, त्यांतल्या उरलेल्या एका नाटकात लेयसला अपोलोने तीनदा बजावल्याचा उल्लेख आहे: निपुत्रिक मेलास तर शहर वाचेल. म्हणजे तिथे अट आहे, ती मोडणारा बाप आहे, आणि शाप मुलानातवांपर्यंत उतरतो. सोफोक्लीजने ती अट काढून टाकली. त्याच्याकडे लेयसला मिळालेली भविष्यवाणी बिनशर्त आहे: मुलाच्या हातून मरशील. अपराध शोधणाऱ्याला त्याने हाताला काही ठेवलेलं नाही, आणि मला वाटतं, हे त्याने जाणूनबुजून केलंय.

पण अपोलोने ईडिपसला काय सांगितलं नव्हतं, याचीही यादी करा. तू खुनाचा तपास लावशील, असं सांगितलं नव्हतं. टायरेसियस, योकास्ता (त्याची बायको, आणि आईही) आणि म्हातारा धनगर, तिघांनीही त्याला थांबवायचा प्रयत्न केला. तो थांबला नाही, कारण शहरात साथ पसरली होती आणि खुनी सापडल्याशिवाय ती जाणार नव्हती. खुन्याला हद्दपार करण्याची घोषणाही त्याचीच. शेवटी डोळे फोडून घेतल्यावर तो म्हणतो की हे भोग अपोलोने आणले, पण वार करणारा हात माझाच. कृत्यं नियतीच्या वाट्याची, शोध त्याच्या वाट्याचा. नायक म्हणून त्याचं मोजमाप करायचं ते शोधावरून.

'ह्युब्रिस' या ग्रीक शब्दाचं भाषांतर 'गर्व' करणंही मला पटत नाही. आपल्याकडे 'माज' हा जास्त जवळचा शब्द आहे. गर्व मनात असू शकतो, माज दुसऱ्यावर काढला जातो. ॲरिस्टॉटल 'वक्तृत्वशास्त्रा'त ह्युब्रिसची व्याख्याच अशी करतो: स्वतःच्या मजेसाठी दुसऱ्याला लाज आणणारं वागणं. अथेन्समध्ये त्यावर खटला भरता येत असे. डायोनिससच्या उत्सवात, भर नाट्यगृहात, मीडियस नावाच्या माणसाने वक्ता डेमॉस्थेनिसच्या तोंडावर ठोसा मारला, आणि डेमॉस्थेनिसने आपल्या भाषणात त्याला ह्युब्रिस म्हटलं. 'काव्यशास्त्रा'त मात्र शोकांतिकेचं कारण म्हणून ह्युब्रिस येत नाही.

'माज केला आणि आपटला' हे सूत्र जिथे खरंच बसतं अशी नाटकं आहेत. इस्किलसचं 'पर्शियन्स' (इ.स.पू. 472) बघा. पर्शियाचा राजा झर्क्सिस याने समुद्रावर पूल बांधून हेलेस्पाँटला (आशिया आणि युरोपमधल्या सामुद्रधुनीला) जखडलं, देवळं जाळली. त्याच्या मेलेल्या बापाचं, डरायसचं भूत येऊन सांगतं की ह्युब्रिसला फुलोरा आला की पीक येतं ते विनाशाचं. सोफोक्लीजचा योद्धा एजॅक्सही तसाच: बाप सांगतो देवाच्या साथीने जिंक, हा म्हणतो देवाच्या साथीने कुणीही जिंकेल, मी त्याच्याशिवाय जिंकेन. तरी तिथेही गंमत अशी की अथेना देवीचा कोप फक्त त्या एका दिवसापुरता आहे. तेवढा दिवस त्याला राहुटीत अडवून ठेवलं तर तो वाचेल, असा निरोप येतो, आणि निरोप्या पोचेपर्यंत एजॅक्स बाहेर पडलेला असतो.

हमार्तिया उदाहरणाने समजून घ्यायची असेल तर सोफोक्लीजच्या 'अँटिगनी'तला क्रिऑन घ्या. राजा झाल्यावर तो पॉलिनायसीसच्या प्रेताला मूठमाती द्यायला बंदी करतो, आणि ती मोडणाऱ्या त्याच्या बहिणीला, अँटिगनीला, गुहेत कोंडतो. त्याचा हट्ट सगळे सांगतात. तो शेवटी नमतो, हे विसरतात. कोरस (नाटकातला वृद्धांचा समूह) त्याला क्रम लावून देतो: आधी मुलीला गुहेतून सोडव, मग प्रेताला मूठमाती दे. क्रिऑन निघतो आणि उलट करतो. आधी पॉलिनायसीसचे कुत्र्यांनी फाडलेले अवशेष धुतो, जाळतो, वर मातीचा ढीग रचतो, आणि मग गुहेकडे वळतो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो.